मिस्सा संपल्यावरच्या सूचना : अचलपूरच्या पॅरिशमध्ये नाताळापर्यंत काय काय आहे, आणि त्यासाठी माणसं किती आहेत

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, फक्त अडखळणं काढलंय.)

कानात इअरफोन घालून कोणी हिंजवडीच्या बसमध्ये असाल, कोणी अमरावतीला हॉस्टेलवर, कोणी परतवाड्याच्या एसटी स्टँडवर.

आजचा विषय तसा साधा आहे. रविवारची मिस्सा संपत आली, ख्रिस्तप्रसाद झाला, की फादर एक कागद काढतात आणि म्हणतात, "बसा, काही सूचना आहेत." तेव्हा निम्मे पोट्टे हळूच बाहेर सटकतात, गाडी काढायला. मला तर वाटते, आपल्या पॅरिशचा खरा हिशोब त्या कागदावरच असतो. कोणाचं लग्न, कोण आजारी, कोणाच्या घरी जपमाळ, कब्रस्तानाची सफाई कधी. म्हणून आज ऑक्टोबर 2025 ते जानेवारी 2026 च्या सूचना एकेक करून घेऊ. प्रत्येकीमागं किती हात लागतात, तेही पाहू.

आधी दोन मिनिटं आपल्या कॅथलिक नसलेल्या श्रोत्यांसाठी. मागच्या वेळी बऱ्याच जणांनी विचारलं होतं, "पॅरिश म्हणजे चर्चची बिल्डिंग का?" नाही. पॅरिश म्हणजे धर्मग्राम : एका चर्चच्या आसपासच्या ठरावीक भागात राहणारी सगळी कॅथलिक माणसं. असे अनेक धर्मग्राम मिळून धर्मप्रांत होतो आणि त्याचे प्रमुख बिशप. आपला अमरावती धर्मप्रांत 8 मे 1955 ला नागपूरपासून वेगळा झाला. पुढं 1977 मध्ये त्यातूनच औरंगाबाद धर्मप्रांत निघाला. म्हणजे 2025 मध्ये अमरावतीला 70 वर्षं झाली. आणि गंमत पहा, बरोबर त्याच तारखेला, 8 मे 2025 ला, रोममध्ये पोप लिओ चौदावे निवडून आले.

अजून एक गोंधळ नेहमी होतो. परतवाड्याजवळ कोठाऱ्याला कुष्ठरोग्यांचा जुना दवाखाना आहे. तो प्रॉटेस्टंट मिशनच्या कामातून उभा राहिला, कॅथलिकांच्या नाही. बाहेरच्याला सगळे "चर्चवाले" सारखेच दिसतात. गावात आपण एकमेकांच्या लग्नाला जातो, मयतीला जातो, पण कारभार वेगळा आहे.

आता आपली मंडळी. वसईत एका गावात जेवढे कॅथलिक असतात, तेवढे इकडं अख्ख्या तालुक्यात शोधावे लागतात. आपल्या बाकांवर कोण बसते? पिढ्यानपिढ्या इथंच राहिलेली मराठी घरं. मेळघाटातून शिकायला किंवा कामाला खाली उतरलेली कोरकू घरं. केरळातून आलेल्या सिस्टर, ज्यांचं मराठी आता आपल्यापेक्षा शुद्ध झालंय. बदली होऊन आलेली एखादी नोकरदार फॅमिली. एवढ्या निरनिराळ्या घरांना एका बाकावर धरून ठेवते ती भाषा. 4 डिसेंबर 1963 ला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं उपासनेचा दस्तऐवज मंजूर केला आणि लॅटिनसोबत लोकांच्या भाषेला दार उघडलं. आपल्या आज्यांना लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये ऐकावी लागायची. आता कोरकू घरातली पोरगी मराठीतून पहिलं वाचन करते आणि केरळच्या सिस्टर तिला उच्चार सांगतात. तसं मराठीत ख्रिस्ताची गोष्ट सांगणं काही नवं नाही. फादर थॉमस स्टीफन्सनी 'ख्रिस्तपुराण' ओवीत लिहिलं, ते 1616 साली छापून आलं. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माआधी.

चला, कागद उघडू.

पहिली सूचना : ऑक्टोबरची जपमाळ. हा महिना पवित्र मरियेच्या जपमाळेचा. रोज संध्याकाळी एकेका घरी पाळी. अर्धा तास प्रार्थना, मंग चहा-बिस्कीट. शेजारचे पाटीलकाका सुद्धा येऊन बसतात, कारण "तुमच्या घरी भजन आहे म्हणे." यात खरं काम प्रार्थनेइतकंच दुसरंही असते : वर्षातून एकदा कोणीतरी तुमच्या घरात पाय ठेवते. कोण एकटं पडलं, कोणाचं ऑपरेशन झालं, कोणाच्या पोराची नोकरी गेली, हे तिथं कळते. फिनले मिल बंद पडल्यावर कोणाच्या घरी काय चाललंय, हे व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी टाकलं नव्हतं. असंच घरी बसल्यावर कळलं.

दुसरी : 19 ऑक्टोबर, मिशन रविवार. त्या दिवशीची वर्गणी जगभरातल्या मिशनच्या कामासाठी जाते. त्याच आठवड्यात दिवाळी. सोयाबीन निघून गेलेलं, कापसाची वेचणी सुरू, म्हणून शेतावरची माणसं कमी येतात. हे दरवर्षीचंच आहे.

तिसरी सूचना, आणि इथं मला थोडं थांबायचंय. 2 नोव्हेंबर, सर्व मृत भाविकांचा दिवस. 2025 मध्ये तो रविवारीच आलाय. आदल्या दिवशी, 1 तारखेला, सकल संतांचा सण. 2 तारखेला कब्रस्तानात प्रार्थना होते, फादर कबरींवर पवित्र पाणी शिंपडतात, घरचे मेणबत्त्या आणि झेंडूची फुलं ठेवतात.

पण त्याआधी सफाई लागते. चार महिन्यांच्या पावसानंतर कब्रस्तान कसं होते, हे ज्यानं पाहिलं त्यालाच माहीत. कमरेएवढं गाजरगवत. दगडाखाली विंचू. जुन्या क्रॉसवरची नावं शेवाळानं झाकलेली. विळे, फावडे, कुदळ, चुना आणि दोन दिवस लागतात. पूर्वी या कामाला वीस-पंचवीस पोट्टे यायचे, आता पाच-सहा येतात. त्यातले दोघं साठीच्या वरचे.

याच पावसाळ्यात आपल्याकडं एक आजोबा वारले. शवपेटी उचलायला सहा जण लागतात. घरचे दोन, शेजारचे तीन, आणि सहावा माणूस मिळेपर्यंत पेटी चर्चच्या पायरीवर थांबली होती. शेवटी ज्यानं रिक्षातून फुलं आणली, तो रिक्षावाला भाऊ पुढं आला. त्याचं नाव रफिक आहे की राजू, कोणी विचारलं नाही, त्यानं पण सांगितलं नाही. खांदा दिला आणि गेला. गावाची ही माया मोठीच. पण आपल्यासाठी प्रश्न तसाच राहते : ज्या आजोबांनी आपल्या निम्म्या लोकांना क्रॉसची खूण करायला शिकवली, त्यांना त्यांच्याच पॅरिशमधले सहा खांदे मिळाले नाहीत.

हे ऐकून कोणी म्हणेल, आम्ही काऊन गेलो बाहेर, हौसेनं का? बरोबर आहे. मी पण पुण्यात कोड लिहितो. अचलपुरात बीटेकवाल्याला जेवढी कामं आहेत, तेवढी एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. म्हणून "परत या" असं भाषण मी देणार नाही. माझं म्हणणं एवढंच की आपण सगळे सुट्टी वाचवतो नाताळासाठी. नाताळाला चर्च भरलेलंच असते, खुर्च्या बाहेर लावाव्या लागतात. माणूस कमी पडते ते नोव्हेंबरात. वर्षात एकच जास्तीची चक्कर जमत असेल, तर ती 1 आणि 2 नोव्हेंबरची करा. शनिवार-रविवार आहे, रजा पण लागत नाही. शुक्रवारी रात्रीची ट्रॅव्हल्स, शनिवारी सकाळी अमरावती, तिथून पन्नासेक किलोमीटरवर परतवाडा.

चौथी सूचना : लग्नाच्या घोषणा. नोव्हेंबरात सुरू होतात. साधारण तीन रविवार वधू-वरांची नावं वाचतात आणि विचारतात, कोणाला अडचण माहीत आहे का. पोट्ट्यांनो, ही गोष्ट नीट ऐका, दरवर्षी कोणीतरी यात अडकते. लग्न पुण्यात असो की मुंबईत, तुमची मूळ नोंद तुमचा बाप्तिस्मा झाला त्या चर्चच्या रजिस्टरात असते. लग्न लागलं की ते पण त्याच नोंदीच्या बाजूला लिहितात. म्हणून लग्नासाठी जुना, लॅमिनेट केलेला दाखला चालत नाही. गेल्या सहा महिन्यांत काढलेला ताजा लागतो. जोडीदार ख्रिस्ती नसेल तर बिशपांची परवानगी लागते, त्याला वेळ जाते. हॉल बुक करायच्या आधी फादरना फोन करा. मुलगी चांगली आहे, मुलगा चांगला आहे, हे सगळं ठीक. पण कागद हातात पाह्यजे.

पाचवी : 30 नोव्हेंबरपासून आगमनकाळ. नाताळाआधीचे चार रविवार, चार मेणबत्त्या, दर रविवारी एक जास्त पेटवायची. हा तयारीचा काळ. आणि याच काळात कॅरल्सची प्रॅक्टिस.

आता कॅरल्सबद्दल. गावात घरोघरी जाऊन नाताळची गाणी म्हणतात : ढोलकी, खंजिरी, एखादी गिटार, आणि डोक्यावर लाल टोपी घातलेला कोणीतरी जाडा भाऊ. कोरकू घरांकडं गेलं की त्यांच्या चालीवर पण एखादं गाणं होते आणि अंगणात नाच सुरू होते. हे छान आहे. अडचण कीबोर्डची आहे. आपल्याकडं कीबोर्ड वाजवणारी एकच दीदी आहे. ती आजारी पडली की गायनमंडळ सूर शोधत बसते. आमच्या कामात याला फार वाईट समजतात : सगळी सिस्टीम एकाच सर्व्हरवर, बॅकअप नाही. दीदी दर शनिवारी संध्याकाळी शिकवायला तयार आहे. मागच्या महिन्यात दोघी आल्या, सातवीतल्या. त्यांच्यासाठी घरात पडलेला जुना कीबोर्ड कोणाकडं असेल तर तो पाठवा. बाहेर राहून करण्यासारखं हे काम आहे.

सहावी : गोठा. चर्चसमोर येशूजन्माचा गोठा तयार होते. बांबू, तुराट्या, कडबा, सगळं शेतातून. यंदा पोरांनी ठरवलंय की बेथलेहेमच्या ऐवजी मेळघाटातलं घर करायचं, मातीच्या भिंती, कवेलू. मला आवडलं. ज्याच्या घरी जुने कवेलू निघाले असतील, त्यानं सांगा.

सातवी : 24 डिसेंबरची रात्रीची मिस्सा, आणि दुसऱ्या दिवशी फराळ. आपल्याकडं नाताळाला केकसोबत करंजी, चिवडा, शंकरपाळे असतातच. दिवाळीला शेजारून जे ताट आलं, ते नाताळाला भरून परत जाते. रिकामं ताट परत करत नाहीत, हा नियम चर्चचा नाही, गावाचा आहे.

आठवी आणि शेवटची : 2025 हे जयंती वर्ष. 24 डिसेंबर 2024 ला पोप फ्रान्सिस यांनी रोममध्ये पवित्र दार उघडलं. ते 21 एप्रिल 2025 ला गेले. दार बंद होण्याची तारीख 6 जानेवारी 2026, आणि जगभरच्या धर्मप्रांतांत समारोप 28 डिसेंबर 2025 ला. वर्षाचं नाव "आशेचे यात्रेकरू". रोमला जाणं आपल्यातल्या फार थोड्यांना जमलं असेल. पण यात्रा म्हटलं तर पुणे ते परतवाडा पण काही कमी नाही, ट्रॅव्हल्सच्या मागच्या सीटवर तर मुळीच नाही.

आता कामाचं. मी एक शीट बनवलीय. तीन रकाने : कब्रस्तान सफाई, शवपेटीला खांदा, आजारी माणसाला दवाखान्यात नेणं. समोर नाव आणि कोणत्या तारखेला गावात आहात ते लिहायचं. लिंक ग्रुपवर आहे. पण ज्यांच्यासाठी ही यादी, त्या आजी-आजोबांकडं स्मार्टफोन नाही. त्यामुळं तिची प्रिंट काढून चर्चच्या दाराजवळच्या फळ्यावर लागणार, मोठ्या अक्षरात, फोन नंबरसहित. आजीला लिंक उघडता येत नाही, फोन लावता येते.

काल रात्रीपर्यंत शीटमध्ये चार नावं होती. 1 नोव्हेंबरला सकाळी सातला कब्रस्तानाच्या फाटकाजवळ जमायचं. हातमोजे आणि बूट घालून या, विंचवाचं मी आधीच सांगितलं. चहा-पोहे सिस्टरांकडून.

पुढच्या भागात कोरकू घरांतल्या नाताळच्या गाण्यांवर बोलू, एक मावशी स्वतः गाऊन दाखवणार आहेत. तोवर जय येशू, नमस्कार, आणि रविवारी सूचना संपेपर्यंत बसा रे भाऊ.