इचारल्यावं कुनीबी सांगंल



कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, 'हे सगळं तुम्हाला सुचतं कसं?' आणि दुसरा, 'पण याचा उपयोग काय?' पहिल्या प्रश्नाला मी वर्षानुवर्षं काहीतरी थातूरमातूर उत्तर देऊन वेळ मारून नेली. दुसऱ्याचंही उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण काही वर्षांपूर्वी आंबेगाव तालुक्यातल्या एका घराच्या ओटीवर बसलेलो असताना तो प्रश्न निदान नीट समजला. त्या दुपारीविषयी आज बोलायचं आहे.

आधी मुलूख सांगतो. पुण्याहून नाशिकच्या रस्त्यानं निघालं की मंचर लागतं, मग नारायणगाव. हा सगळा बागायती पट्टा. ऊस, द्राक्षं, कांदा, टोमॅटो. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटतं, जुन्नर-आंबेगाव म्हणजे एवढंच. पण मंचरहून पश्चिमेला वळा. घोडेगाव मागे पडलं की जमीन उभी राहायला लागते. उसाच्या जागी भाताची खाचरं येतात, त्यांच्यावर उतारावर नाचणी आणि वरई, आणि त्याहून वर हिरड्याची झाडं. वस्ती मुख्यतः महादेव कोळी आदिवासींची. तालुका एकच, पण पूर्वेचा आणि पश्चिमेचा संसार अगदी वेगळा.

या दोन संसारांच्या मध्ये धरण आहे. कुकडी प्रकल्पातली माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाचही धरणं याच दोन तालुक्यांत आहेत. त्यांचं पाणी कालव्यांनी पार पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जातं. तो सगळा कोरडा भाग. तिथल्या शेतकऱ्याला पाणी मिळू नये, असं कोण म्हणेल? मी तर म्हणणार नाही. पण पाणी अडवायचं म्हणजे ते कुणाच्या तरी अंगणात अडवायचं. घोड नदीवर डिंभ्याला बांध पडला आणि जुनं आंबेगाव पाण्याखाली गेलं. तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे, ते मूळ गावच आज जलाशयात आहे.

आणि या जलाशयाचं नाव काय, तर हुतात्मा बाबू गेनू सागर. बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. पोटासाठी मुंबईला जाऊन गिरणीत कामगार झालेला हा तरुण १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला आणि त्याखाली गेला. वय अवघं बावीस. ज्या पाण्यानं गरिबांची घरं गेली, त्याला एका गरिबाच्या पोराचं नाव आहे. ते देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. पण मी त्या पाण्याकडे पाहतो तेव्हा दर वेळी मला थोडं अवघडल्यासारखं होतं.

या खोऱ्यावर मी एक कादंबरी लिहिली होती. त्याआधी, १९९१ साली, विश्वास पाटलांची 'झाडाझडती' आली होती. धरणग्रस्तांचं जगणं मराठी वाचकाच्या घरात आणणारं ते मोठं पुस्तक. माझं पुस्तक त्यापुढे लहानच. पण शेवट मला चांगला साधला होता असं लोक म्हणत. पाणी चढतं, देवळाचा कळस तेवढा दिसत राहतो, एक म्हातारी मागे वळून बघते आणि कादंबरी संपते. वाचकांची पत्रं आली. शेवटी रडू आलं, असं बहुतेकांनी लिहिलं. मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

पुढे त्या भागात जाणं वाढलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, की कादंबरी जिथे संपते तिथे माणसं संपलेली नसतात. ती म्हातारी मागे वळून बघून झाल्यावर डोंगर चढून वर गेली होती. तिला संध्याकाळी चूल पेटवायची होती. वर गेलेल्या लोकांनी मिळेल त्या उतारावर पुन्हा खाचरं पाडली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या गाळात ते पेरायला लागले. महादेव कोळी म्हटलं की शहरातल्या माणसाला होडी आणि जाळं आठवतं, पण हे डोंगरातले शेतकरी. मासेमारी हा काही त्यांचा धंदा नव्हता. शेत गेलं आणि दारात पाणी आलं, म्हणून ते जाळं टाकायला शिकले, त्यांनी मच्छीमार सहकारी संस्था उभी केली. या लोकांबरोबर काम करणाऱ्या 'शाश्वत' संस्थेला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. यातलं काहीही माझ्या कादंबरीत नव्हतं. बुडणं लिहायला सोपं असतं. त्यानंतरची तीस वर्षं लिहायला अवघड.

वर गेलेल्या माणसांची एक मोठी अडचण होती. ती जी जमीन कसत होती, ती कागदावर त्यांची नव्हती. कागदावर ते वन होतं.

नोंद ही मोठी विचित्र गोष्ट आहे. जुन्नरच्या आसपासच्या लेण्यांमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीचे ब्राह्मी लेख आहेत. त्यांत वेळूकाम करणाऱ्यांच्या, काशाची भांडी घडवणाऱ्यांच्या आणि धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. त्या काळच्या कारागिरांची नोंद दगडात राहिली. आणि आपल्या काळात, ३० जुलै २०१४ ला माळीण गावावर डोंगर कोसळला, १५१ माणसं गेली, तेव्हा गाव नाहीसं झाल्याचं पहिल्यांदा ध्यानात आलं ते एका एसटी ड्रायव्हरच्या. त्याची गाडी सकाळी तिथे पोचली आणि गाव दिसेना. त्या दिवसापर्यंत माळीण हे नाव महाराष्ट्रात किती जणांनी ऐकलं होतं?

तर, वनहक्क. संसदेनं २००६ साली वनहक्क कायदा केला. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासींना त्या जमिनीवर हक्क मागता येतो. पुरावे एकाहून जास्त लागतात. पण पुराव्यांच्या यादीत कायद्याच्या नियमांनी एक फार शहाणी गोष्ट घातली आहे. दावा करणाऱ्याखेरीज गावातल्या इतर वडीलधाऱ्या माणसानं सांगितलेलं लिहून घेतलं, तर तोही पुरावा धरला जातो. म्हणजे म्हाताऱ्या माणसाची आठवण ही सरकारी कागदाच्या शेजारी बसू शकते. कादंबरीकाराला याहून आनंदाची बातमी ती कोणती?

गावातल्या वनहक्क समितीचं काम एक तरुण पाहत होता. घोडेगावला शिकलेला, बोलायला कमी. एका विधवा बाईचा दावा अपुऱ्या पुराव्यामुळे परत आला होता. शेजारच्या आजोबांचा जबाब नव्यानं लिहून जोडायचा होता. तो मला म्हणाला, "गुरुजी, तुमचं अक्षर चांगलं आहे. तुम्ही लिहाल का?" मी आयुष्यभर शाळेत शिकवलं, त्यामुळे तिकडे सगळे मला गुरुजीच म्हणतात. मी आनंदानं बसलो. ओटीवर कोरा चहा आला. आजोबा, त्यांचा पन्नाशीतला मुलगा, तो तरुण आणि मी. ती बाई जरा बाजूला सुपात तांदूळ निवडत बसली होती.

आजोबा सांगायला लागले. "ह्या पोरीचा सासरा अन् मी एका वयाचे. त्याच्या बापानं ते खाचर पाडलं, तवा आमी ढोरं वळायचो. पडकईला आमीबी दगड वाहिले." पडकई म्हणजे सगळ्यांनी मिळून उतारावर बांध घालून भाताची खाचरं तयार करायची, आज तुझं, उद्या माझं. मी लिहीत होतो. लिहून झाल्यावर मी वाचून दाखवलं. 'सह्याद्रीच्या अंगाखांद्यावर पिढ्यान्पिढ्या घाम गाळून...' अशी सुरुवात होती. मला ती बरी वाटली होती.

तो तरुण म्हणाला, "गुरुजी, आजोबा 'पिढ्यान्पिढ्या' म्हणाले नाहीत. सासरा आणि सासऱ्याचा बाप, अशा दोन पिढ्या म्हणाले. खाली तालुक्याला विचारतील, कोणत्या पिढ्या?"

मी खोडलं. मग ध्यानात आलं, की आजोबांनी सह्याद्री हा शब्दही उच्चारला नव्हता. त्यांच्या लेखी तिथल्या प्रत्येक उताराला आणि ओढ्याला वेगळं नाव होतं, आणि ती नावं मी एका भारदस्त शब्दाखाली गाडून टाकली होती. नेमकी तीच नावं पुराव्याला हवी होती. पुन्हा कोरा कागद घेतला. या वेळी आजोबा बोलतील तेवढंच.

जबाब संपत आला. अंगठा घ्यायचा राहिला होता. तेव्हा आजोबा म्हणाले, "अजून एक लिवा. जांभळीखालची पट्टी. हिचा दादला गेल्यापासून ती आमी करतो. पन ती ह्यांची हाय."

ओटीवर कुणी बोलेना. सुपातला हात थांबला. मुलगा म्हणाला, "बाबा, ते कशाला लिवायला लावता? कुनी इचारलंय का?"

आजोबा म्हणाले, "इचारल्यावं कुनीबी सांगंल."

मुलगा उठून गेला. त्याला मी आजही वाईट म्हणणार नाही. त्या पट्टीत दोन-तीन मण भात होत असेल. बाजारात त्याचे फार पैसे होत नाहीत, पण त्या घरात तेवढं भात म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरचे काही आठवडे. बारा वर्षं तिथे राबणारे हातही त्याचेच होते. मी लिहिलं, जांभळीखालची पट्टी. आजोबांनी अंगठा उठवला आणि शाईचं बोट धोतराला पुसलं.

श्रोतेहो, त्या रात्री घरी येऊन मी माझी कादंबरी पुन्हा चाळली. तिच्यात बुडालेले सगळे चांगले होते आणि बुडवणारे सगळे वाईट. जांभळीखालची पट्टी तिच्यात कुठेच नव्हती. सामाजिक न्याय म्हटलं की आपण नेहमी वर बघतो. सरकारनं द्यावा, कोर्टानं द्यावा. ते बरोबरच आहे. आजोबांच्या चांगुलपणावर त्या बाईनं दिवस काढावेत, असं मी मुळीच म्हणत नाही. कायदा नसता तर जबाब लिहून घ्यायला कुणी बसलंच नसतं, आणि आजोबांच्या मनातलं त्यांच्याबरोबरच गेलं असतं. पण कायदा ओटीपर्यंतच येतो. न विचारलेलं सांगायचं की नाही, ते ओटीवर बसलेल्या माणसालाच ठरवावं लागतं.

जोतिराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा आसूड' लिहिला. अक्षरशत्रू शेतकऱ्याला दुसऱ्यानं लिहिलेल्या कागदांनी कसं नाडलं, हे त्यात पानोपानी आहे. त्यांच्या सत्यशोधक समाजाचं मोठं ठाणं जुन्नर तालुक्यातलं ओतूर. भटजीवाचून लग्न लावायची हिंमत तिथल्या शेतकऱ्यांनी त्या काळात केली. आणि जेमतेम शाळेचं तोंड पाहिलेल्या अण्णा भाऊ साठ्यांनी १९५९ साली 'फकिरा' प्रसिद्ध केली, ती अर्पण केली बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला. ही पुस्तकं मी पूर्वीही वाचली होती. त्या दुपारनंतर वाचताना एक वेगळी गोष्ट दिसली. या माणसांना लेखणीचं भय माहीत होतं. आपल्याविषयी दुसऱ्यानं काहीबाही लिहून ठेवलं, की त्याचे भोग कुणाला भोगावे लागतात, हे त्यांनी पाहिलं होतं. म्हणून ती शब्द जपून वापरतात. मला हे भय कधी वाटलंच नव्हतं. माझा शब्द चुकला तर फार तर एखादं परीक्षण वाईट येणार. त्या बाईच्या जबाबात शब्द चुकला असता, तर जमीन गेली असती.

पुढे त्या बाईला पट्टा मिळाला. दीड वर्ष लागलं. मागितलं होतं त्यापेक्षा क्षेत्र कमी आलं, त्यासाठी तिचं अपील चालू राहिलं. जांभळीखालची पट्टी मात्र आलेल्या क्षेत्रात होती. पहिल्या वर्षी आजोबांचा मुलगा तिच्याशी बोलत नव्हता. दुसऱ्या वर्षी लावणीला माणसं कमी पडली, तेव्हा तो तिच्या खाचरात उतरला. ते त्यानं का केलं, हे मी त्याला विचारलं नाही.

कादंबरीचा उपयोग काय, याचं उत्तर माझ्याकडे अजूनही नाही. पण तेव्हापासून मी एक नेम केला आहे. त्या मुलखाविषयी काही लिहिलं, की छापायला देण्याआधी त्या तरुणाला वाचून दाखवतो. तो ऐकतो, मध्ये बोलत नाही. शेवटी कागद हातात घेतो आणि एखाद्या शब्दावर बोट ठेवून विचारतो, "गुरुजी, हे कोण म्हणालं?"

गेल्या खेपेला त्यानं दोन ठिकाणी बोट ठेवलं. दोन्ही ठिकाणी कुणीच म्हणालं नव्हतं. मीच म्हणालो होतो. दोन्ही वाक्यं काढून टाकली.



(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)