भिंतीवरून उतरलेल्या तसबिरी

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात जुन्या वस्तूंचे छोटे प्रदर्शन मांडले होते. त्या वेळी एका सभासदाने केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



सेक्रेटरींनी मला सांगितलंय की वीस मिनिटांत आटपा, नंतर बटाटेवडे आहेत. त्यामुळे मुद्द्याचंच बोलतो.

तुम्ही आत येताना टेबलांवर ज्या वस्तू पाहिल्यात, त्यांतल्या बहुतेक १९०० ते १९३५ च्या दरम्यानच्या आहेत. काचेच्या हंड्या आहेत, चिनी मातीच्या बाहुल्या आहेत, देवांची चित्रं असलेल्या जपानी फरश्या आहेत. पण मी आज बोलणार आहे ते भिंतीवर लावलेल्या तसबिरींबद्दल. कारण हंड्या श्रीमंतांकडे असायच्या, तसबिरी मात्र आपल्या सगळ्यांच्या घरी होत्या. लक्ष्मी, सरस्वती, दत्त, रामपंचायतन. वाड्यात असोत की चाळीत, खोलीत शिरलं की पहिली नजर तिथेच जायची.

या चित्रांना ओलिओग्राफ म्हणतात. म्हणजे तैलचित्रासारखं दिसणारं छापील चित्र. आपल्याकडे त्यांचा प्रसार झाला तो मुख्यतः राजा रविवर्म्यांमुळे. रविवर्मा त्रावणकोरातल्या किळिमानूरचे. जन्म १८४८ चा. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांच्याकडून पौराणिक चित्रं काढून घेतली आणि ती बडोद्याला जाण्याआधी मुंबईत लोकांना दाखवली, तेव्हा बघायला झुंबड उडाली होती. राजवाड्यातलं चित्र सामान्य माणसाच्या घरात कसं जाणार, तर छापूनच. म्हणून १८९४ साली त्यांनी मुंबईत छापखाना काढला. यंत्रं आणि तंत्रज्ञ जर्मनीतून आणले. पुढे मुंबईत प्लेग आला आणि १८९९ साली छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. आपण लोकलने लोणावळ्याला जातो ना, अगदी त्याच्या अलीकडचं स्टेशन. काही वर्षांतच रविवर्म्यांनी तो आपल्या जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशर यांना, विकला. दादासाहेब फाळक्यांनीही सिनेमात येण्याआधी काही काळ तिथे काम केलं होतं. १९७२ साली या छापखान्याला आग लागली आणि बरंच काही जळून गेलं.

पुण्याचंही नाव घ्यायला हवं. रविवर्म्यांच्या आधीच, १८७८ साली, विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात चित्रशाळा काढली होती. तिथेही अशी शिळाछाप चित्रं निघत.

छपाई कशी व्हायची, तेही थोडक्यात सांगतो. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर चित्र काढायचं. प्रत्येक रंगाला वेगळी शिळा. दहा रंग असतील तर दहा शिळा, आणि एकच कागद दहा वेळा यंत्रातून काढायचा. केसभर सरकला की लक्ष्मीचे ओठ हनुवटीवर. शेवटी वारनिसाचा हात, म्हणजे तैलचित्राची चकाकी येते. म्हणून जुनं चित्र ओळखायला एक साधं भिंग पुरतं. भिंगाखाली एकसारखे, ओळीत बसवलेले ठिपके दिसले, तर ती अलीकडची छपाई. ठिपके वेडेवाकडे, हाताने दिल्यासारखे दिसले, तर ती शिळेची असण्याचा संभव मोठा.

एवढं ज्ञान मला आता आहे. पंचवीस वर्षांपूर्वी नव्हतं, आणि त्याची गोष्ट सांगण्यासाठीच मी आज उभा आहे.

आमचा पेठेतला वाडा पाडायला निघाला आणि आम्ही इथे राहायला आलो. तुमच्यापैकी बरेच जण असेच आलात. टेम्पो एक आणि सामान चार पिढ्यांचं. तांब्याचा बंब, पाट, जातं, सगळं वजनावर गेलं. मला तेव्हा जुन्या वस्तूंचा नाद लागून दोनेक वर्षं झाली होती. दर रविवारी जुन्या बाजारात चक्कर असायची. त्यामुळे घरातली एक तसबीर मी मोठ्या हुशारीने वेगळी काढून ठेवली. लक्ष्मीची.

ती नुसती छापील नव्हती. तिच्या साडीवर खरी जर लावलेली होती, दागिन्यांच्या जागी टिकल्या आणि बारीक मणी. त्या काळी बायका दुपारच्या वेळी खळ करून असं काम करत. कुणी कापडाची साडी चिकटवी, कुणी नुसता काठ. आमच्या लक्ष्मीला दोन बोटं रुंद जरीचा काठ होता, काळपट पडलेला.

बाजारातल्या एका ओळखीच्या विक्रेत्याने ती पाहिली आणि म्हणाला, "साहेब, चित्र झकास आहे, पण हे असलं चिकटवलेलं कोण घेतो? काढून टाका, ओरिजिनल निघेल, भाव येईल." मला विकायची नव्हती. पण तो 'ओरिजिनल' शब्द डोक्यात बसला. इथल्या नव्या स्वयंपाकघरात, ओट्यावर, ओल्या कापसाने मी ती जर एका संध्याकाळी सोडवली. जरीबरोबर साडीचा रंगही आला. लक्ष्मीच्या पदरावर पांढरे चट्टे पडले. जर कचऱ्याच्या डब्यात गेली.

पुढच्या महिन्यात आपल्या सोसायटीतल्या पहिल्या गौरी-गणपतीला माझी आत्या आली. ऐंशीच्या घरात होती. गौरीसमोर हळदीकुंकू झालं, आणि ती लक्ष्मीसमोर जाऊन उभी राहिली. बराच वेळ. मग म्हणाली, "हिचा काठ कुठे गेला रे?"

मी मोठ्या रुबाबात सांगितलं, आत्या, तो नंतर चिकटवलेला होता, मूळचा नव्हता.

ती म्हणाली, "नंतरचाच. मी सात वर्षांची होते. तुझे आजोबा गेले त्या वर्षी. आईने लग्नातल्या शालूचा काठ उसवला. म्हणाली, मला आता नेसायचा नाही, तर हिला तरी नेसवते. मी खळीची वाटी धरून बसले होते."

बस, एवढंच. ती रागावली नाही. पुरणपोळी वाढायला आत गेली.

मंडळी, आजीचा एकही दागिना आमच्याकडे नाही. फोटोसुद्धा एकच, धूसर. तिने स्वतःच्या मनाने केलेली अशी एकच गोष्ट त्या घरात होती, आणि ती मी 'ओरिजिनल' करायला गेलो. बाजारभावाने तो विक्रेता कदाचित बरोबर असेलही. पण ज्या कागदाच्या हजारो प्रती निघाल्या, त्यातली आमची प्रत वेगळी होती ती त्या काठामुळेच.

त्या रात्री मी फ्रेम पुन्हा उघडली. चौकटीच्या खाचेखाली दडलेला काठाचा बोटभर तुकडा शिल्लक होता. तो तसाच ठेवलाय. आज ती तसबीर इथे मध्यभागी आहे, चट्ट्यांसकट. आत्या सांगत गेली आणि मी लिहून घेतलं, तो कागद तिच्या मागे आहे. पुढच्या वर्षी आत्या गेली.

तेव्हापासून माझी खरेदीची रीत बदलली. पूर्वी मी विचारायचो, "कितीला?" आता आधी विचारतो, "कुणाच्या घरातली?" दहातल्या नऊ वेळा उत्तर येतं, "काय माहीत." या टेबलांवर जवळजवळ चाळीस तसबिरी आहेत, आणि त्यांतल्या फक्त सहांची घरं मला ठाऊक आहेत. बाकीच्या पोरक्या. पुण्यात दिनकर केळकरांचं संग्रहालय तुम्ही पाहिलं असेल. त्यांनी अडकित्ते, दिवे, वज्र्या, फण्या अशा रोजच्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या, अकाली गेलेल्या आपल्या राजा नावाच्या मुलाच्या आठवणीसाठी, आणि शेवटी तो सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. रोजच्या वापरातलं जपायचं असतं, हे त्यांनी आपल्याला दाखवलं. पण केळकर घरोघरी येणार नाहीत. आपल्या घरातलं आपणच बघायचं आहे.

तर आता थोडं कामाचं. घरी अशी तसबीर असेल, माळ्यावर का असेना, तर एवढं करा.

ओलं फडकं लावू नका. काच कोरड्या कापडाने पुसा, चित्राला हात नको. लॅमिनेशन आणि चिकटपट्टी तर मुळीच नको. बाहेरच्या भिंतीवर, जिथे पावसाळ्यात ओल येते, तिथे लावू नका. उन्हासमोरही नको, आधी लाल-गुलाबी रंग उडतात. मागची जुनी फळी कागद पिवळा करते आणि कसरीला घर देते. ती बदलून आम्लरहित पुठ्ठा घालायला सांगा, आणि चित्र काचेला चिकटू नये म्हणून मध्ये थोडी पोकळी ठेवायला सांगा. फ्रेमवाल्याला बजावा की कडा कापू नकोस. छापखान्याचं नाव बहुधा खालच्या कडेलाच असतं, आणि तेच पहिल्यांदा कात्रीत जातं.

आणि ज्यांची मुलं परदेशी आहेत त्यांच्यासाठी. मुलगी म्हणते, आजीची तसबीर मला दे, मी घेऊन जाते. आनंदाने द्या, पण एक लक्षात ठेवा. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षं पूर्ण झालेली कलावस्तू पुरावशेष ठरू शकते, आणि ती आपल्याला खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. त्यामुळे विमानतळावर अडकण्यापेक्षा आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा.

शेवटची विनंती. आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. ज्यांनी वाडे आणि चाळी डोळ्यांनी पाहिल्या, त्यांच्यातले किती जण या सभागृहात आहेत आणि किती जण आता नाहीत, ते तुम्ही बाजूच्या खुर्च्यांकडे बघून मोजू शकता. वस्तू उरतात, पण ती कुणाची हे सांगणारं माणूस उरत नाही.

म्हणून येत्या रविवारी सकाळी दहा वाजता इथेच टेबल मांडतो. घरातली एक जुनी वस्तू आणा. तसबीर, डबा, अडकित्ता, काहीही. किंमत मी सांगणार नाही, आधीच सांगतो. पण सोबत घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस आणा. ते बोलतील, नातवंडं लिहून घेतील, आणि तो कागद वस्तूच्या मागे जाईल. शाई नको, पसरते. पेन्सिली मी आणतो.

वडे गार होतायत.