कांदा, अनुदान आणि निर्यातीचे दार
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या मंडळातील कित्येक कुटुंबे नोकरीनिमित्त मुंबई-पुण्यास आहेत आणि त्यांचेच भाऊबंद नाशिक जिल्ह्यात जमीन कसतात. एका घरी कांदा विकत येतो, दुसऱ्या घरून तो बाजारात जातो. दिवाळीस दोन्हीकडील मंडळी एका पंगतीस बसली की या विषयावर शब्दाने शब्द वाढतो. सबब आम्ही आज हाच विषय घेतला आहे.

२०२३ च्या आरंभी कांद्याचा भाव कोसळला. तेव्हा राज्य सरकारने फेब्रुवारी-मार्चमध्ये विकलेल्या लाल कांद्यास क्विंटलमागे ३५० रुपये, २०० क्विंटलपर्यंत, अनुदान जाहीर केले. ज्यांच्या हाती ते पडले त्यांची नड भागली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसविले आणि ८ डिसेंबरला निर्यातच बंद केली. आता, डिसेंबरात शेतातून निघतो तो लाल कांदा. उन्हाळी कांदा चाळीत चार महिने धीर धरतो. लाल कांदा धरीत नाही. म्हणजे ज्याला थांबणे शक्य नाही, नेमके त्याच्याच तोंडावर दार लागले. मार्चअखेरपर्यंतची म्हणून सांगितलेली ही बंदी ४ मे २०२४ रोजी उठली, तीही टनास ५५० डॉलर किमान दर व ४० टक्के शुल्क लावून. शुल्क पुरते गेले ते १ एप्रिल २०२५ ला.

१९९५ च्या जागतिक व्यापार कराराने अनुदानांस मर्यादा घातल्या. तात्पुरत्या निर्यातबंदीस मात्र टंचाईच्या कारणाने मुभा ठेवली. म्हणजे शेतकऱ्यास देण्यावर बंधन आणि त्याचा भाव पाडण्यास सवलत! हा न्याय आम्हांस तरी उमगत नाही.

शहरातील बांधव म्हणतील, आमच्या स्वयंपाकघराचे काय? प्रश्न रास्त आहे. हातावर पोट असलेल्यास महाग कांदा झेपत नाही. त्याचा भार सरकारी तिजोरीने उचलावा, एकट्या कांदेवाल्याने का? आणि निर्बंध घालणे अटळच असेल, तर तो रोपे लावण्यापूर्वी तरी सांगावा.

आपल्या हाती एवढेच आहे: वसतिगृहास लागणारा उन्हाळी कांदा वैशाखातच ज्ञातिबंधूंच्या चाळीतून, आगाऊ ठरविलेल्या भावाने घ्यावा. तसा ठराव आम्ही दुपारच्या सभेत मांडणार आहोत.