कोशाचं पाखरू राखा



गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागात ऐनाच्या फांदीला देठावर लोंबणारा टणक कोसा सर्वांच्या ओळखीचा आहे. टसर रेशीम त्यातूनच निघते. ढिवर समाजाची कित्येक घरं पिढ्यान् पिढ्या या कोशावर जगत आली. पण रानातला कोसा टिकायचा तर त्याचं पाखरू टिकलं पाहिजे.

हे पाखरू काहीच खात नाही. जेमतेम आठवडाभर जगतं. तेवढ्यात नर-मादीची गाठ पडून मादी दीड-दोनशे अंडी घालते. हिरवी अळी ऐन-अर्जुनाचा पाला खाते, चार वेळा कात टाकते आणि कोसा विणते. पावसाळा सरल्यावर विणलेल्या कोशातला किडा सारा उन्हाळा आत झोपून काढतो. पाऊस लागला की पाखरू बाहेर पडतं. म्हणजे उन्हाळ्यात झाडावर असलेला कोसा हे पुढच्या सालचं बियाणं आहे. हे बियाणं राखण्यासाठी चार गोष्टी कराव्यात.

१. रानातले सगळे कोसे वेचू नका. कोसा उकळला की आतला जीव मेला. बस्तरची ‘रैली’ आणि ओडिशातल्या सिमलीपालची ‘मोदल’ या रानजाती अशाच बेसुमार वेचणीनं रोडावल्या. कणगीतलं सगळं धान खाल्लं तर पेरायचं काय? पाखरू निघून गेलेला फुटका कोसाही वाया जात नाही. भाव कमी येतो, पण त्याचं सूत कातता येतं.

२. मोहफुलं वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा पेटवू नका, झाडून घ्या. वणवा लागला की झाडावरचे कोसे होरपळतात.

३. धुऱ्यावरचा ऐन, अर्जुन बुडापासून तोडू नका. सरपण हवं तर फांद्या छाटा. छाटलेल्या झाडाला कोवळी पालवी फुटते आणि अळीला तीच मानवते.

४. धानावर औषध फवारताना वारा कुठला आहे ते पाहा. तो या झाडांकडे वाहत असेल तर फवारणी थांबवा. औषध खोडकिडा आणि कोशाची अळी यांत फरक करत नाही.

यात खर्च काही नाही, थोडं भान ठेवायचं. औंदा आपल्या धुऱ्यावरचे ऐन मोजा आणि कोसे वेचताना दर झाडावर काही कोसे राखा.