डाग दिसतो पिशवीत, रोग लागतो खोलीत



आपल्या बऱ्याच गटांनी धिंगरी अळिंबी लावली आहे, काहींनी थंडीत बटण मशरूमही घेतलं. तक्रार मात्र एकच. तोडताना माल पांढराशुभ्र होता, दुकानात पोचेपर्यंत तपकिरी डाग पडले. दुकानदार म्हणतो, माल शिळा आहे. आपण म्हणतो, आज सकाळीच तोडलाय. पिशव्या परत येतात आणि गटाच्या कर्जाचा हप्ता अडतो.

आधी डाग ओळखायला शिकूया. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं ना? तशीच अळिंबी दबली, खरचटली की तपकिरी होते. तो डाग कोरडा असतो. तो रोग नव्हे. रोगाचा डाग आधी फिकट पिवळा दिसतो, मग तपकिरी होतो. तो जरा खोलगट असतो आणि बोटाला बुळबुळीत लागतो.

हा रोग स्युडोमोनास टोलासी नावाच्या जिवाणूमुळे होतो. पाण्यातून, चिलटांच्या पायांवरून, आपल्या हातांवरून तो छत्रीवर येतो. छत्री दोन-तीन तास ओली राहिली की तो वाढतो आणि एक विष सोडतो. त्या विषाने अळिंबीच्या पेशींना भोकं पडतात, आतला रस हवेला लागतो आणि वांग्यासारखाच रंग बदलतो.

म्हणजे जिवाणू खोलीतूनच सोबत आलेला असतो. तोडलेली अळिंबीही श्वास घेते. पिशवी घट्ट बंद केली की आत घाम धरतो, आणि त्या ओलीत डाग उमटतात.

मग करायचं काय? आधी तोडणी, मग पाणी, हा क्रम पाळा. फवारा बारीक मारा आणि नंतर खिडक्या उघडून छत्र्या सुकू द्या. पावसाळ्यात हवाच दमट असते, तेव्हा पाणी कमी द्या. खिडक्यांना बारीक जाळी लावा. डागाळलेली अळिंबी आधी काढून लांब पुरा, हात साबणाने धुवा, मगच चांगल्या मालाला हात लावा. रोग दिसलाच तर दहा लिटर पाण्यात 5 ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर कालवा, गाळ खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणी फवाऱ्याला वापरा.

विकायचा माल धुऊ नका. पिशवीला भोकं पाडा, माल दाबून भरू नका, सावलीत गार ठेवा. बुळबुळीत झालेली अळिंबी चांगल्या मालात मिसळून खपवू नका. गिऱ्हाईक एकदा फसतं, दुसऱ्यांदा येत नाही.

येत्या बैठकीत गटाच्या वहीत दोन रकाने आखा: पाणी कधी दिलं आणि तोडणी कधी केली. माल परत आला, तर त्या दिवशीच्या ओळीवर बोट ठेवा. चूक कुठे झाली, ते तिथेच सापडेल.