घरच्या तारेवर समुद्र

(यंदाच्या उत्सवात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चंदीगडला बसून बोटींच्या रेडिओवर बोलायचे म्हणजे राजस्थानात पोहण्याचा क्लास काढण्यासारखे, असे काहींना वाटेल. पण आपल्यातले कितीतरी जण रोज कॅपिटल कॉम्प्लेक्समधल्या ज्या सचिवालयात कामाला जातात, ते एकदा लांबून बघा. अडीचशे मीटर लांबीची ती इमारत नांगर टाकलेल्या आगबोटीसारखी दिसते. ल कॉर्बुझिए यांना प्रवासी आगबोटींचे मोठे कौतुक. 1923 च्या आपल्या पुस्तकात त्यांनी बोटींची छायाचित्रे मुद्दाम छापली होती. म्हणजे बोट आपल्याकडे आहे. समुद्र तेवढा हजार किलोमीटर लांब आहे, तोही कच्छचा. आपला कोकणचा त्याहून दूर.

आमचे घर अलिबाग तालुक्यातले. तिकडे रामदास बोटीचे नाव अजूनही आवाज खाली आणून घेतात. 17 जुलै 1947, गटारी अमावास्या. सकाळी आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ही बोट काश्याच्या खडकाजवळ लाटांच्या माऱ्यात उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. मुंबई तिथून जेमतेम पंधरा किलोमीटर. पण बोटीवर वायरलेस नव्हता. मुंबईला बातमी कळेपर्यंत दुपार उलटून गेली, आणि तीही पोहून किनाऱ्याला लागलेल्यांमुळे. रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतले म्हणून काही जीव वाचले.

नुसता वायरलेस असूनही भागत नाही म्हणा. 1912 मध्ये टायटॅनिक बुडत होती तेव्हा जवळच्या कॅलिफोर्नियन बोटीचा वायरलेसवाला काम आटोपून झोपला होता. ऐकणारा जागा हवा, हे जगाला तेव्हा कळले. त्यातून पुढे जे नियम झाले, त्यातला एक मला फार आवडतो. मोर्सच्या 500 किलोहर्ट्झवर दर तासाला 15 ते 18 आणि 45 ते 48 या मिनिटांत कोणी संदेश पाठवायचा नाही, सगळ्यांनी फक्त ऐकायचे. बोलण्याच्या 2182 किलोहर्ट्झवर हीच शांतता तासाच्या आणि अर्ध्या तासाच्या सुरुवातीच्या तीन-तीन मिनिटांत. बोटीच्या रेडिओखोलीतल्या घड्याळावर ही मिनिटे लाल आणि हिरव्या रंगात रंगवलेली असत. बॉम्बे रेडिओ, खूण व्ही-डब्ल्यू-बी, एवढे मोठे किनारा केंद्र. तेही गप्प बसे. का? तर एखाद्याची बॅटरी संपत आली असेल, त्याचा क्षीण आवाज गोंगाटात बुडू नये. आपल्या सभांनाही असा नियम हवा, पण ते असो.

1 फेब्रुवारी 1999 पासून नवी जागतिक यंत्रणा पूर्णपणे लागू झाली. बटण दाबले की उपग्रहावरून मदतीची हाक जाते. मोर्सवाले रेडिओ ऑफिसर बोटीवरून उतरले आणि ती शांततेची मिनिटेही गेली.

आता घरच्या एरियलकडे येतो. जवळच्या बोटी 156.8 मेगाहर्ट्झवर, म्हणजे चॅनल 16 वर बोलतात. यासाठी सुमारे 46 सेंटिमीटरची उभी सळई आणि तिच्या बुडाशी तेवढ्याच लांबीच्या, खाली कललेल्या चार सळया एवढे पुरते. पण या लहरी सरळ जातात, पृथ्वीच्या गोलाईमुळे अडतात. तुमची सळई 9 मीटर उंच आणि बोटीची 25 मीटर, तर हिशेबाने साधारण 33 किलोमीटर. अलिबागला ठीक. आपल्या सचिवालयाच्या गच्चीवर नेऊन लावली तरी समुद्राचा थेंबही कानावर पडणार नाही!

दुसरे असे की ते संच बाळगायला आपल्याकडे सरकारी परवानगी लागते. 1933 चा वायरलेस कायदा जाऊन 2023 चा दूरसंचार कायदा आला, तरी तत्त्व तेच. उच्च न्यायालय शेजारी असताना मी वेगळा सल्ला देणार नाही. ज्यांची मुले अमेरिकेत बंदराजवळ राहतात, त्यांना चॅनल 16 ऐकायला तिथे बंदी नाही. नातवंडांना ती सळई करायला जरूर सांगा.

चंदीगडकरांसाठी सरळ वाट म्हणजे हौशी रेडिओची परीक्षा. शॉर्टवेव्हच्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून परत खाली येतात, त्यांना गोलाईचे भय नाही. बोटींवरही हौशी परवानेधारक असतात आणि 14 मेगाहर्ट्झवर बोलतात. त्यासाठी एरियल म्हणजे दहा मीटर तांब्याची तार, मधोमध कापून दोन तुकडे, तिथून केबल खाली घरात. टोकांना चिनीमातीचे इन्सुलेटर, नाहीतर पीव्हीसी पाइपचे तुकडे. विजेच्या तारांपासून लांब बांधा, आणि आभाळात गडगडले की केबल संचापासून काढून ठेवा. साध्या रेडिओवर हे बोलणे बदकासारखे येते. सिंगल साइडबँडची सोय असलेला संच हवा. मग एखाद्या रात्री अरबी समुद्रावरचा कोणीतरी तिथले वारे सांगत असतो आणि आपण सेक्टरातल्या घरात बसून ते ऐकतो.

मोठ्या बोटींची काळजी घ्यायला जग आहे. माझा जीव लहान होड्यांत अडकतो. 11 नोव्हेंबर 2009 ला फयान वादळ कोकणावर आले तेव्हा इशारे निघाले होते. पण आधीच खोल समुद्रात गेलेल्या होडीला ते सांगणार कसे? मोबाइल किनाऱ्यापासून थोड्या अंतरावरच मुका होतो. 30 ऑगस्ट 2024 ला पालघरच्या कार्यक्रमात एक लाख मासेमारी नौकांवर उपग्रहाशी जोडलेले ट्रान्सपाँडर बसवण्याची योजना सुरू झाली. त्यावरून होडीतून मजकूर पाठवता येतो आणि किनाऱ्याचा इशारा होडीत पोहोचतो. रामदासनंतर सत्त्याहत्तर वर्षांनी का होईना, सुरुवात तर झाली. गावाकडे कोणाची होडी असेल, तर ते यंत्र बसले का आणि चालू ठेवतात का, हे फोन करून विचारा.

माझी तार बघायची असेल तर विसर्जन झाल्यावर घरी या. वसंत पंचमीचा मांजा अजून तिच्यात अडकलेला आहे, तो काढायला एखाद्या तरुणाची मदतही होईल.