गाणं कधी शिकवणार?

(रौप्य महोत्सवात मुलांच्या वादनाच्या कार्यक्रमापूर्वी केलेले भाषण)



माइक लागेपर्यंत चार शब्द बोला, असं सेक्रेटरींनी सांगितलं आहे. दर रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये काही मुलं गिटार घेऊन माझ्याकडे येतात. मी काही उस्ताद नाही. बँकेच्या वाद्यवृंदात बरीच वर्षं गिटार वाजवली, एवढीच पुंजी. पण पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "काका, महिना झाला, नुसतं सा रे ग म चाललंय. गाणं कधी शिकवणार?"

मोबाइलवर बघून तीन-चार कॉर्ड शिकायच्या आणि गाणं वाजवायचं, हे थोड्या दिवसांत जमतं. मला त्याचं वावडं नाही. पण आपल्या सोसायटीत निदान तीन गिटारी कपाटावर धूळ खात आहेत आणि तिन्ही याच वाटेनं वर गेल्या. दोन गाणी येतात, तिसऱ्याचा व्हिडिओ मिळत नाही. मग पोराला वाटतं, आपल्याला संगीत जमत नाही. अहो, जमत नाही कसं? स्वर कुठे राहतात हेच त्याला कोणी दाखवलेलं नसतं!

स्केल म्हणजे दुसरं काही नाही, आपलं सप्तकच. गिटारचा एक फ्रेट म्हणजे पेटीवर काळी-पांढरी धरून एक पट्टी पुढे. सा पासून निघालात की दोन, दोन, एक, दोन, दोन, दोन, एक अशी घरं मोजत वरच्या सा ला पोचता. एकूण बारा. आपण त्याला बिलावल थाट म्हणतो, गिटारवाले मेजर स्केल म्हणतात. यातला मध्यम एक घर वर चढवा, कल्याण थाट झाला.

बँकवाल्यांसाठी एक गंमत. प्रत्येक फ्रेटला तारेची कंपनं साधारण 5.95 टक्क्यांनी वाढतात, तीही चक्रवाढ! बारा फ्रेटला बरोबर दुप्पट. सहा टक्क्यांनी ठेव बारा वर्षांत दुप्पट, हे आम्ही काउंटरवर तोंडी सांगायचो, तोच हिशोब. ए ची मोकळी तार सेकंदाला 110 कंपनं देते, बाराव्या फ्रेटवर 220.

आता कॉर्ड. सी ला सा धरा. सी ची कॉर्ड म्हणजे सा-ग-प, एफ ची म-ध-सा, जी ची प-नि-रे. सातही स्वर या तिघींत वाटले गेले, म्हणून तर कितीतरी गाणी या तीन कॉर्डवर निभावतात. स्केल येणाऱ्याला हे पाठ करावं लागत नाही, ते समोर दिसतं.

गेल्या गणपतीतली तालीम काहींना आठवत असेल. गाणारी मुलगी पांढरी पाचमध्ये गाणारी, आणि वाजवणाऱ्याला गाणं सी मध्येच येत होतं. तिचा आवाज पोचेना. तिला कार्यक्रमातून वगळायचं, इथपर्यंत गोष्ट आली. पोर रडवेली झाली होती. तेव्हा बारा वर्षांच्या एका मुलानं बोटांवर मोजलं: पहिला, चौथा, पाचवा. सी-एफ-जी च्या जागी जी-सी-डी. पाच मिनिटांत गाणं सुरू! (कॅपो लावूनही चाललं असतं म्हणा, पण त्या दिवशी तो कोणाकडे नव्हता. आणि कॅपो कितव्या फ्रेटवर लावायचा, हेही मोजावंच लागतं.)

मुलांनो, सुरुवात अशी करा. ए तारेवर तिसरा फ्रेट, हा सा. पुढची डी तार मोकळी, मग तिचाच दुसरा, तिसरा. जी तार मोकळी आणि दुसरा. बी तार मोकळी आणि पहिला. झालं सप्तक. पहिल्या फ्रेटला पहिलं बोट, दुसऱ्याला दुसरं, तिसऱ्याला तिसरं, यात लबाडी नको. बोट फ्रेटच्या पट्टीला लागून मागे ठेवा, म्हणजे कमी दाबावं लागतं. बोटांची टोकं पहिले काही आठवडे दुखणारच. वेग मोबाइलच्या मेट्रोनोमवर मिनिटाला साठ, त्याहून जास्त नको. आणि वाजवताना तोंडानं म्हणा. हे सगळ्यांत महत्त्वाचं. नुसती बोटं फिरली तर तो व्यायाम झाला, कानाला काही मिळालं नाही.

पण तास-तास हेच घोटू नका. कंटाळा येतो, मलाही येतो. दहा मिनिटं पुरे. मग सा रे ग प ध एवढेच पाच स्वर घ्या, म्हणजे भूपाचे, आणि त्यांत काही सापडतं का बघा. कोणाला विचारायचं नाही.

आज तिसऱ्या क्रमांकावर मुलं जी धून वाजवणार आहेत, ती त्यांनी याच पाच स्वरांत स्वतः बसवली आहे. मी फक्त खुर्चीवर बसलो होतो.

माइक लागला वाटतं. त्या तीन गिटारी खाली काढा, रविवारी साडेनऊला हॉलमध्ये घेऊन या. तारा गंजल्या असतील, त्या बदलायला मी मदत करीन.